देवणी, खिल्लार आणि शुद्ध रक्ताचा हिशेब

बेंगळुरूच्या आडुगोडी भागात, होसूर रस्त्याच्या अखंड रहदारीला लागूनच, राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेचे दक्षिण विभागीय केंद्र आहे. शहराने चहूबाजूंनी वेढलेल्या या आवारात देवणी गायींचा कळप अनेक वर्षे जोपासला गेला आहे. देवणी हे गाव लातूर जिल्ह्यातले. या गोवंशाचे मूळ क्षेत्र लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी आणि सीमेपलीकडचा बिदर जिल्हा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला घरची वाटणारी ही गाय येथे संशोधनाचा विषय आहे. तिची दूधक्षमता, प्रजनन, होल्स्टिन फ्रिजियनशी केलेला तिचा संकर, अशा अनेक अंगांनी तिच्यावर काम झाले आहे.

याच देवणीपासून एका अवघड प्रश्नाची सुरुवात करता येते. विस्तार कार्यकर्त्याला गावोगावी विचारला जाणारा हा प्रश्न आहे: आपली गाय शुद्ध आहे का?

देवणीला आपण जातिवंत देशी गाय म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु पशुपैदास शास्त्रातील जुन्या नोंदी तिचा उगम सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका संकरात सांगतात. गुजरातेतून आलेली गीर, सह्याद्रीच्या पावसाळी डोंगरांतील डांगी आणि त्या भागातील गावठी गुरे यांच्या मिश्रणातून, निजामाच्या राज्यातील शेतकऱ्यांच्या निवडीतून, ती घडली. तिचे फुगीर कपाळ आणि लांब, लोंबते कान गीरची आठवण करून देतात. अंगावरचे काळे-पांढरे पट्टे डांगीशी नाते सांगतात. शेतकऱ्यांनी या रंगांनाही नावे दिली. सर्वांगी पांढरी ती बालंक्या, अंग पांढरे पण तोंड काळे ती वानेरा, आणि अंगभर काळे ठिपके-पट्टे असलेली वाघ्या किंवा शेवरा. एकाच जातीत तीन रंगप्रकार सुखाने नांदत असतील, तर त्या जातीच्या पूर्वजांत विविधता होती, असा तर्क कोणीही जाणता गोपालक करील.

मग शुद्धतेचा अर्थ काय? गेल्या तीन दशकांतील आनुवंशिकी संशोधनाने या प्रश्नाला पूर्वीपेक्षा बरेच नेमके उत्तर देऊ केले आहे. त्या उत्तराचा व्यवहाराशी जवळचा संबंध आहे, कारण कोणत्या वळूची रेतमात्रा वापरायची हा निर्णय चुकला तर चूक ध्यानात येईपर्यंत कालवड जन्मून, वाढून, विऊन तीन-साडेतीन वर्षे निघून गेलेली असतात.

दोन रानटी पूर्वज

जगातील पाळीव गायींची दोन मोठी घराणी आहेत. युरोप, उत्तर आशिया आणि पश्चिम आफ्रिकेतील बिनवशिंडाची गुरे हे एक घराणे. त्यांना टॉरिन म्हणतात. होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी, ब्राऊन स्विस ही सारी त्यातली. भारतीय उपखंडातील वशिंडाची गुरे हे दुसरे घराणे. त्यांना झेबू किंवा इंडिकस म्हणतात. अनेक वर्षे विद्वानांची समजूत अशी होती की, गाय एकदाच, पश्चिम आशियात माणसाळली आणि तिच्यातूनच पुढे वशिंडाची गुरे निघाली. १९९४ साली डब्लिनच्या संशोधकांनी पेशीतील मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची तुलना केली, तेव्हा ही समजूत टिकली नाही. दोन्ही घराण्यांतील अंतर काही लाख वर्षांचे निघाले. माणसाने गाय पाळायला लागून मात्र दहा-साडेदहा हजार वर्षेच झाली आहेत. अर्थात माणसाच्या हाती येण्यापूर्वीच ही दोन घराणी वेगळी झालेली होती. टॉरिन गुरे पश्चिम आशियातील रानटी गुरांपासून आली. झेबू गुरे उपखंडातील रानटी गुरांपासून, सिंधू नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशात, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी माणसाळली. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील उत्खननात मिळालेली हाडे याला दुजोरा देतात.

दक्षिणेत या गुरांचा पुरावा फार वेगळ्या रूपात उभा आहे. कर्नाटकातील रायचूर, बल्लारी, कलबुर्गी या पट्ट्यात राखेच्या टेकड्या आढळतात. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गोपालकांनी आपल्या गोठणाच्या जागी साचलेले शेण पुन्हा पुन्हा जाळले, त्याचे हे ढीग आहेत. शोरापूर परिसरातील बुदिहाळ येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. के. पद्दय्या यांनी केलेल्या उत्खननातून त्या काळच्या गोपालक वस्तीचे चित्र पुढे आले. दख्खनच्या पठारावरील आजच्या गुरांची परंपरा किती जुनी आहे, याची कल्पना या टेकड्यांवरून येते. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना त्या ठाऊक आहेत, ही खेदाची गोष्ट.

घराणी लाखो वर्षे वेगळी राहिली, तरी दोघांची गुणसूत्रे ६०च आहेत आणि त्यांची संतती प्रजननक्षम असते. घोडा व गाढव यांच्या संकरातून जन्मलेले खेचर वांझ निघते, तसे येथे होत नाही. म्हणूनच टॉरिन आणि झेबू यांचे मिश्रण जगभर, पुन्हा पुन्हा झाले. इंडोनेशियातील मदुरा बेटावरची गुरे तर झेबू आणि बांटेंग या आणखी दूरच्या रानगुराच्या संकरातून निघालेली आहेत.

दोघांत एक फरक मात्र सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो. नराच्या वाय गुणसूत्राचा आकार निराळा असतो. झेबू वळूच्या वाय गुणसूत्रात जोडबिंदू अगदी टोकाशी असतो, तर टॉरिन वळूच्या वाय गुणसूत्रात तो मध्याकडे सरकलेला असतो. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जाते. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सर्व अपत्यांकडे जातो, पण पुढच्या पिढीला तो फक्त कालवडीच देतात. ही दोन साधने हाती असली की एखाद्या कळपात बाहेरचे रक्त वळूच्या वाटेने आले की गायीच्या, हे ओळखता येते.

आफ्रिकेत या पद्धतीने पाहणी झाली तेव्हा उत्तर मोठे मजेशीर निघाले. तेथील वशिंडाच्या गुरांत वाय गुणसूत्र बहुधा झेबूचे, पण मायटोकॉन्ड्रिया मात्र टॉरिन. हिंदी महासागर ओलांडून किंवा अरबस्तानातून आलेले झेबू वळू स्थानिक गायींवर वापरले गेले, असा त्याचा अर्थ. पश्चिम आशियातही तेच घडले. प्राचीन हाडांतील डीएनएच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी तेथे दीर्घ अवर्षण पडले आणि त्याच सुमारास झेबू रक्त तेथील गुरांत झपाट्याने शिरले, तेही मुख्यतः वळूंमार्फत. अवर्षणाला तोंड देण्यासाठी काटक वळू दुरून आणावा, हे कृत्रिम रेतन नसलेल्या त्या काळच्या गोपालकांनाही सुचले होते.

ब्राझीलची कथाही अशीच आहे. तेथील नेलोर गुरे म्हणजे आपल्या आंध्रातील ओंगोल. परंतु भारतातून समुद्रमार्गे गेलेल्या जनावरांत वळू महत्त्वाचे होते आणि ते तेथील पोर्तुगीज वंशाच्या गायींवर पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. त्यामुळे वशिंड, कान, पोळी, कातडी सर्व काही झेबूसारखे असूनही ब्राझीलमधल्या अशा अनेक गायींच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया युरोपीय गायीचे असते. डोळ्यांना जे दिसते ते वंशावळीचा एक भागच सांगते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

म्हैसूरची लष्करी गुरे आणि माणदेशचे खिल्लार

दख्खनकडे वळताना सुरुवात बेंगळुरूच्या परिसरातूनच करावी लागते. म्हैसूर, मंड्या, हासन, तुमकूर आणि बेंगळुरू ग्रामीण या जिल्ह्यांत हळ्ळीकार गुरांचे माहेर आहे. दोड्डबळ्ळापूरजवळील घाटी सुब्रमण्य येथे हिवाळ्यात भरणाऱ्या गुरांच्या जत्रेत हळ्ळीकार बैलांच्या सजवलेल्या जोड्या आजही येतात. करडा रंग, अरुंद लांब तोंड, मुळाशी जवळजवळ असलेली आणि मागे वळून पुढे झुकणारी लांब शिंगे, बेताचे वशिंड, आटोपशीर पोळी आणि वेगाची चाल. मराठी वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल, कारण थोड्या फरकाने ते खिल्लाराचेच आहे.

म्हैसूरच्या वडियार राजांनी सतराव्या शतकात दरबाराच्या दूधलोण्यासाठी गुरांचे खाते उभारले. हैदरअलीने त्यातील बैल लष्करी वाहतुकीस जुंपले आणि टिपू सुलतानाने या खात्याला अमृतमहाल हे नाव दिले. गुरांच्या चराईसाठी ‘कावल’ म्हणून राखलेली कुरणे राज्यभर होती. हळ्ळीकार आणि त्याच्या निकटच्या गुरांमधून तोफा ओढणारे, लांब पल्ल्याचे, वेगवान बैल निवडत निवडत अमृतमहाल ही स्वतंत्र जात तयार झाली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हे कळप इंग्रजांच्या हाती गेले. १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या सैन्याचा वेग म्हैसूरच्या बैलांवर अवलंबून होता, ही गोष्ट आपल्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही. चिक्कमगळूरु जिल्ह्यातील अज्जंपुर येथे अमृतमहालचे पैदास केंद्र आजही आहे.

खिल्लार ही जात याच म्हैसूरी गटातली मानली जाते. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर आणि सीमेपलीकडे विजयपूर, बागलकोट, बेळगाव हा तिचा प्रदेश. धनगर आणि ठिलारी गोपालकांनी कळपांनी राखलेली ही गुरे कमी पावसाच्या, हलक्या जमिनीच्या मुलखात टिकाव धरून राहिली. तिच्यातही आटपाडी महाल, म्हसवड, तापी किंवा ठिलारी आणि नकली असे प्रकार सांगितले जातात. यांतील ‘नकली’ हे नाव लक्षणीय आहे. खिल्लार वळू आणि गावठी गायी यांच्या मिश्रणातून निघालेल्या, शेतकऱ्यांच्या घरी पोसलेल्या गुरांना ते मिळाले. संकर झालेला आहे हे लोकांना ठाऊक होते, त्याला नाव होते, आणि त्या नावासह हे बैल बाजारात उघडपणे विकले जात होते. वंशाबद्दलचा हा प्रामाणिकपणा आजच्या बाजारात दुर्मिळ झाला आहे.

त्याचे कारण उघड आहे. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडूचे शर्यती व जल्लीकट्टूविषयक कायदे वैध ठरवल्यानंतर शर्यतीच्या बैलाची मागणी वाढली आणि ‘अस्सल खिल्लार’ या शब्दांना पैशाचे मोल आले. खरसुंडीच्या बाजारात असो की चिंचलीच्या यात्रेत, खरेदीदार बैल पाहतो तो रंग, शिंग, डोळा आणि चाल यांवरून. ही पारख कमी लेखण्याचे कारण नाही, कारण खिल्लार जिवंत राहिले ते याच पारखीमुळे. मात्र तिची मर्यादा आहे. वळूच्या आईकडे तीन पिढ्यांपूर्वी अन्य रक्त आलेले असेल, तर त्याचा रंग पांढराशुभ्र आणि शिंगे डौलदार असूनही ते रक्त अंशतः शिल्लक असू शकते. वाय गुणसूत्राची तपासणीही ते दाखवणार नाही, कारण ती फक्त बापाची रेषा पाहते. आणि चार-दोन नामांकित वळूंचाच वापर सगळीकडे होऊ लागला, तर जात कागदावर शुद्ध राहूनही आतून नात्यातल्या पैदाशीने कमकुवत होत जाते. शर्यतीच्या भरभराटीत खिल्लाराला हा दुसरा धोका पहिल्यापेक्षा मोठा आहे.

कृष्णाकाठचा प्रयोग

संकरातून मुद्दाम घडवलेली जात म्हणजे कृष्णा व्हॅली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातील सांगली, मिरज, जमखिंडी आदी संस्थानिकांनी कृष्णाकाठच्या चिकट काळ्या रानात नांगर ओढणारा बलदंड बैल हवा म्हणून हा उद्योग केला. खिल्लार वेगवान, पण काळ्या जमिनीची खोल नांगरट हे त्याचे काम नव्हे. म्हणून गुजरातेतून गीर आणि कांकरेज, आंध्रातून ओंगोल आणि स्थानिक म्हैसूरी वळणाची गुरे एकत्र आणली गेली. निघालेला बैल उंच, भारदस्त आणि भरपूर ओढीचा होता. अमेरिकेतील ब्रह्मन या मांसासाठीच्या प्रसिद्ध जातीच्या उभारणीत कांकरेज, ओंगोल आणि गीर यांच्याबरोबर कृष्णा व्हॅलीचेही रक्त गेले. गंमत अशी की ब्रह्मन स्वतःही झेबू म्हणून मिरवत असली, तरी तिच्या जनुकसंचात सुमारे दहावा हिस्सा टॉरिन आढळतो.

आज कृष्णा व्हॅलीची जनावरे शोधावी लागतात. जे काम डोळ्यांपुढे ठेवून ती घडवली, ते काम ट्रॅक्टरने घेतले. दुधाच्या हिशेबात ती मुऱ्हा म्हशीपुढे आणि संकरित गायीपुढे उभी राहू शकली नाही. तिच्याच शेजारची देवणी तगली ती दूध आणि काम दोन्ही देत होती म्हणून. संस्थानिकांचा आश्रय सुटल्यावर कृष्णा व्हॅलीची निवड आणि नोंद ठेवणारे कोणी उरले नाही, हेही तितकेच खरे. चार जातींच्या मिश्रणातून आलेल्या कळपात निवड थांबली की गुणांची पांगापांग व्हायला वेळ लागत नाही.

बेंगळुरूतील संकर आणि टक्केवारीचे कोडे

विदेशी वळूंचा नियोजित वापर आपल्याकडे जेथे आरंभीच्या काळात झाला, त्या ठिकाणांत बेंगळुरूचे नाव अग्रभागी आहे. १९२३ मध्ये येथे पशुसंवर्धन व दुग्धशास्त्राची इंपीरियल संस्था सुरू झाली. तिचेच पुढे राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत रूपांतर झाले आणि १९५५ मध्ये मुख्यालय कर्नालला गेले. आडुगोडीचे आजचे केंद्र ही त्या मूळ संस्थेची जागा. येथे स्कॉटलंडचे आयरशायर वळू आणि हरियाणा गायी यांचा संकर करण्यात आला. त्यातून निघालेली ‘जिल’ नावाची गाय तिच्या आयुष्यभराच्या दुधासाठी नावाजली. १९२७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने बेंगळुरूत मुक्काम असताना महात्मा गांधी या संस्थेत येऊन गोपालनाची माहिती घेत असत.

महाराष्ट्रात हे काम मोठ्या प्रमाणावर नेले ते मणिभाई देसाई यांनी. गांधीजींनी निसर्गोपचाराच्या कार्यासाठी ज्यांना उरुळीकांचनला ठेवले, त्या मणिभाईंनी १९६७ मध्ये बाएफची स्थापना केली आणि गोठवलेल्या रेताद्वारे संकर शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोचवला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ५० टक्के होल्स्टिन, २५ टक्के जर्सी आणि २५ टक्के गीर असलेली ‘फुले त्रिवेणी’ विकसित केली. २०१९ च्या पशुगणनेत देशातील १९.३५ कोटी गोवर्गीय जनावरांपैकी ५.१४ कोटी विदेशी व संकरित होती.

या सर्व कामाचा गाभा एका साध्या अंकगणितात आहे. गीर गाय आणि होल्स्टिन वळू यांच्या पहिल्या पिढीच्या कालवडीत ५० टक्के रक्त विदेशी. तिला पुन्हा होल्स्टिन दिला की ७५, पुढे ८७.५, पाचव्या पिढीत जवळजवळ ९७ टक्के. गावात मात्र अनेकांचा समज असा असतो की टक्का जितका वाढेल तितके दूध वाढेल. पहिली पिढी दमदार निघते ती केवळ विदेशी रक्तामुळे नव्हे. तिच्या प्रत्येक जनुकस्थानी एक प्रत झेबूची आणि एक टॉरिनची असते, आणि दूरच्या दोन घराण्यांच्या या संयोगातून संकरजोम येतो. त्या गायीला पुन्हा होल्स्टिन दिला, तर पुढच्या कालवडीत अशी मिश्र स्थाने निम्मीच राहतात. संकरित गायीला संकरित वळू दिला तरीही निम्मीच. म्हणजे ७५ टक्क्यांच्या कालवडीत दुधाची जनुके वाढतात, पण संकरजोम अर्धा उतरतो आणि उन्हाला, गोचिडांना, निकृष्ट चाऱ्याला तोंड देण्याची झेबूची ताकदही कमी होते. मे महिन्यात पत्र्याच्या गोठ्यात धापा टाकणारी, वारंवार उलटणारी, उपचारांवर दूध खर्ची घालणारी गाय ही बहुधा या हिशेबाकडे झालेल्या दुर्लक्षाची निष्पत्ती असते. उत्तम गारवा, मुरघास आणि चोख व्यवस्थापन असलेल्या गोठ्यात जास्त टक्क्याची गाय परवडते. दोन-तीन गायींच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ती बहुतेक वेळा परवडत नाही.

म्हणूनच पैदास धोरणांत सामान्यतः ५० ते ६२.५ टक्के विदेशी रक्त योग्य मानले जाते. ६२.५ टक्के म्हणजे पाच अष्टमांश. लष्करी गोशाळांच्या साहाय्याने तयार झालेली फ्रीजवाल हिच्यात पाच अष्टमांश फ्रिजियन आणि तीन अष्टमांश साहिवाल आहे. ब्राझीलची गिरोलांडो म्हणजे पाच अष्टमांश होल्स्टिन आणि तीन अष्टमांश गीर. दोन्ही देशांत दोन निरनिराळ्या वाटांनी शास्त्रज्ञ एकाच अपूर्णांकावर आले. ही पातळी गोठ्यात गाठण्याचा मार्ग असा: ५० टक्क्यांच्या गायीला ७५ टक्क्यांच्या सिद्ध वळूचे रेत द्यावे. अथवा ५० टक्क्यांच्या गायीला गीर द्यावा, २५ टक्क्यांची कालवड मिळवावी आणि तिला होल्स्टिन द्यावा. अशा पाच अष्टमांश कळपात आपसांतच पैदास केली तर सुमारे ४७ टक्के जनुकस्थाने मिश्र राहतात. फुले त्रिवेणीसारख्या त्रिसंकरात हिशेबाने हे प्रमाण ६२.५ टक्के येते. मात्र त्यातील होल्स्टिन आणि जर्सी एकाच घराण्यातल्या असल्याने तेथील जोम झेबू-टॉरिन जोडीइतका धरता येत नाही.

आणखी एक गोष्ट कागदावरचा टक्का सांगत नाही. ७५ टक्के ही सरासरी आहे. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल होतात आणि प्रत्येक वासराच्या वाट्याला निराळा गठ्ठा येतो. एकाच गायीच्या, एकाच वळूपासूनच्या दोन कालवडींपैकी एकीत विदेशी वाटा सत्तरीच्या घरात आणि दुसरीत ऐंशीच्या जवळ असू शकतो. उलट मायटोकॉन्ड्रियाचा हिशेब कधीच पातळ होत नाही. पाच पिढ्या होल्स्टिन वळू वापरून जवळजवळ पूर्ण काळी-पांढरी झालेली गाय आपल्या पणजीच्या आजीचे, म्हणजे कुठल्यातरी गावठी देशी गायीचे, मायटोकॉन्ड्रिया जसेच्या तसे वाहत असते.

चिप, दूध आणि गोठ्यातील नोंद

प्रत्यक्ष टक्का मोजण्याचे साधन म्हणजे डीएनए चिप. जनुकसंचातील हजारो ठिकाणी कोणते अक्षर आहे हे ती एका वेळी वाचते, आणि ज्ञात जातींच्या नमुन्यांशी तुलना करून संगणक त्या जनावराचे वंशप्रमाण काढतो. २००९ मध्ये गायीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तो हेरफर्ड या टॉरिन जातीच्या गायीचा होता. सुरुवातीच्या चिपांवरील खुणाही मुख्यतः युरोपीय जातींत आढळणाऱ्या फरकांवरून निवडलेल्या. परिणाम असा झाला की त्या चिपांवर आपली गुरे एकसारखी, विविधता नसलेली भासत. प्रत्यक्षात जनुकसंचाचे सलग वाचन केल्यावर झेबू गुरांतील विविधता टॉरिनपेक्षा अधिक निघाली. दोष मोजपट्टीत होता.

ही उणीव भरून काढण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने ऑगस्ट २०२१ मध्ये देशी गोवंशासाठी ११,४९६ खुणांची ‘इंडिगऊ’ चिप आणली. त्यानंतर ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते देशी जातींसाठीची एकीकृत ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठीची ‘महिष चिप’ यांचे लोकार्पण झाले. या चिपांचे खरे काम शुद्धतेचे प्रमाणपत्र वाटणे हे नाही. लहान वयातच कोणत्या वळूची मुलगी अधिक दूध देईल याचा अंदाज बांधणे हा त्यांचा मुख्य उपयोग. त्यासाठी चिपसोबत हजारो गायींच्या प्रत्यक्ष दूधनोंदी लागतात. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ यांच्या अशा नोंदी होल्स्टिनच्या मानाने अत्यल्प आहेत आणि चिप कितीही चांगली असली तरी ती उणीव ती भरून काढू शकत नाही.

ए-टू दुधाबाबतचा गोंधळही येथेच निस्तरलेला बरा. दुधातील बीटा केसिन या प्रथिनाचे जनुक एका ठिकाणी बदललेले असते, त्यावरून ए-वन आणि ए-टू हे भेद होतात. झेबू गुरांत ए-टू प्रत फार मोठ्या प्रमाणात आढळते, पण होल्स्टिन आणि जर्सीतही ती आहे. त्यामुळे एखादी संकरित गाय दोन्ही प्रती ए-टूच्या घेऊन जन्मू शकते. गाय जातीने शुद्ध असणे आणि तिचे दूध ए-टू असणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांच्या तपासण्याही वेगळ्या आहेत. दूध विक्रीच्या फलकावर मात्र ते सर्रास एकत्र लिहिले जातात.

विस्तार कार्यकर्त्याच्या हाती जे लगेच करता येण्याजोगे आहे, ते प्रयोगशाळेच्या आधीचे आहे. गायीचा बारा अंकी कानबिल्ला, रेतनाची तारीख आणि रेतमात्रेवर छापलेला वळूचा क्रमांक या तीन गोष्टी शेतकऱ्याच्या वहीत असल्या तर पुढच्या पिढीचा टक्का घरीच काढता येतो. रेतन झाल्यावर रिकामी कांडी फेकून दिली जाते आणि तिच्याबरोबर वळूचा क्रमांकही जातो. ती कांडी शेतकऱ्याने मागून घ्यावी. गायीचा नेमका वंश माहीत नसेल, तर तो माहीत नाही असेच वहीत लिहावे. अंदाजाने लिहिलेले ‘गीर’ किंवा ‘खिल्लार’ पुढच्या सर्व पिढ्यांचा हिशेब चुकवते. खिल्लार किंवा देवणीच्या पट्ट्यात जातिवंत गाय असेल, तर तिला त्याच जातीचा, पण तिच्या नात्यातला नसलेला वळू शोधून द्यावा. तेथे होल्स्टिन वापरून मिळणाऱ्या जादा दुधापेक्षा त्या गायीची वंशरेषा अधिक मोलाची आहे. गावठी, जात निश्चित नसलेल्या गायीच्या बाबतीत असा आग्रह धरण्याचे कारण नाही. तिथे शेतकऱ्याची चारा-पाण्याची सोय पाहून संकराचा सल्ला द्यावा.

वंशतपासणीसाठी नमुना पाठवायचा असल्यास रक्त काढण्याचीच गरज असते असे नाही. अनेक तपासण्यांत शेपटीच्या गोंड्यातील केसांवर काम भागते. केस कात्रीने कापू नयेत. डीएनए मुळाशी असलेल्या पेशींत असतो, म्हणून वीस-तीस केस बोटाला गुंडाळून झटक्याने उपटावेत, मुळाशी पांढरा कंद आला आहे ना ते पाहावे, शेण लागलेले केस टाकून द्यावेत आणि उरलेले कोरड्या कागदी पाकिटात ठेवून त्यावर कानबिल्ल्याचा क्रमांक लिहावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा धरतो आणि नमुना वाया जातो.